बाथरूम धुताना गॅस झाला, तेव्हापासून आईला दम लागतो. नागपुरात कुठे दाखवू?

सोनचाफा_नागपूर · ३ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाचते बरेच दिवसांपासून, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही.

माझी आई ५१ वर्षांची. इथल्या एका खासगी दवाखान्यात नऊ वर्षांपासून हाऊसकीपिंगला आहे, कंत्राटदाराकडून. आमच्या घरात दमा कुणालाच नाही. आई तंबाखू, खर्रा काही खात नाही. सर्दी-पडसं सोडलं तर कधी आजारी पडली नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. वरून कुणीतरी पाहणीला येणार होतं म्हणून सगळीकडे घासपूस चालू होती. आईकडे एका वॉर्डाचं बाथरूम होतं. खिडकीतून कबुतरं येतात म्हणून तिथे पत्रा ठोकलेला, आणि एक्झॉस्ट पंखा कित्येक महिन्यांपासून बंद. फरशीवर पिवळे डाग होते. आईने आधी ॲसिड टाकलं. हे ॲसिड कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून देतात, वर नाव नाही काही नाही. डाग निघेना म्हणून सुपरवायझर म्हणाला, वरून ब्लिचिंग पावडर टाका आणि घासा. आई उकिडवी बसून घासत होती. दोन-तीन मिनिटांत हिरवट पिवळा धूर झाला. तिचेच शब्द लिहिते : "डोये जळाले, घसा जळाला, अन् श्वास आतच जाईना. मले वाटलं आता काही मी उठत नाही." तरी तिने आधी बादलीभर पाणी ओतलं आणि मग बाहेर आली, कारण काम अर्धं राहिलं असतं तर बोलणी बसली असती.

बाहेर येऊन उलटी झाली. तिथल्याच कॅज्युअल्टीत वाफ दिली, एक इंजेक्शन दिलं, दोन तासांनी घरी पाठवलं. कागद काहीच दिला नाही.

याला आता साडेतीन महिने झाले. खोकला गेलेला नाही. फोडणी टाकली की खोकला, अगरबत्ती लावली की खोकला. रात्री तीन-साडेतीनला उठून पलंगावर बसते, दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, तो मला बाजूच्या खोलीत ऐकू येतो. डिसेंबरच्या थंडीत तर फार हाल झाले. तीन डॉक्टर झाले. खोकल्याचं औषध, ॲलर्जीची गोळी, अँटिबायोटिक सगळं झालं. एक्स-रे साफ आहे. शेवटचे डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, वजन कमी करा.

एक गोष्ट मात्र मला खटकते. जानेवारीत आई काटोलला मावशीकडे आठ दिवस राहिली. तिथे खोकला निम्म्याने कमी झाला, रात्री एकदाच उठली. इकडे आली, ड्युटीवर गेली, फिनाईलची बादली हातात घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एका दिवसाच्या गॅसने कायमचा दमा लागू शकतो का? लागत असेल तर तो बरा होतो का? आणि आईने नोकरी सोडावी का? घर तिच्या आणि माझ्या पगारावर चालतं, भावाचं शिक्षण चालू आहे.

---

वैनगंगा · ३ फेब्रुवारी, रात्री ११:१५

ताई, वाचून पोटात कालवलं. आधी आईला त्या बाथरूमच्या कामावरून दुसरीकडे हलवता आलं तर बघा, बाकीचं नंतर. माझ्या वहिनीला मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) छातीरोग विभागात चांगलं तपासलं होतं. गर्दी असते, सकाळी लवकर जा. जुने सगळे कागद आणि एक्स-रे सोबत न्या.

---

गोरेवाडा_सकाळ · ४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

हळद-दूध, ज्येष्ठमध, अडुळशाचा काढा सुरू करा. माझ्या काकांना फरक पडला होता. पंप (इनहेलर) मात्र लावू देऊ नका. एकदा पंप लागला की आयुष्यभर सुटत नाही, शरीराला सवय होते.

---

छातीचा_डॉक्टर · ४ फेब्रुवारी, दुपारी २:२०

मी छातीरोग तज्ज्ञ आहे, विदर्भातच काम करतो. रुग्ण समोर नसताना निदान करता येत नाही, पण तुम्ही इतकं नीट लिहिलं आहे की काही गोष्टी आजच सांगायला हव्यात.

आधी पंपाबद्दल, कारण या एका गैरसमजाने मी माणसं अत्यवस्थ होऊन आलेली पाहिली आहेत. पंपाची सवय लागत नाही. दमा हा श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराची सूज असलेला आजार आहे, आणि ती सूज उतरवणारं स्टिरॉइड पंपातून मायक्रोग्रॅममध्ये थेट नळ्यांत जातं. गोळीतून तशाच प्रकारचं औषध मिलिग्रॅममध्ये सगळ्या अंगात फिरतं. औषध बंद केल्यावर त्रास परत येतो तो सूज गेलेली नसते म्हणून. काढा घ्यायचा तर घ्या, पण पंपाऐवजी नाही.

आता गॅसबद्दल. शौचालयाचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते ब्लिचिंग पावडरला लागलं की क्लोरीन सुटतो. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून तो फरशीलगत साचतो. आई उकिडवी बसली होती, म्हणजे नाक-तोंड नेमकं त्याच थरात. उभ्या माणसाला कमी लागला असता. हा वायू नळ्यांच्या ओलाव्यात विरघळून तिथे आम्ल तयार करतो आणि अस्तर भाजून काढतो. खालच्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात. त्यानंतर अगरबत्ती, फोडणी, थंड हवा, काहीही लागलं की नळ्या आवळतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. एकाच दिवशी, एकदाच, पण मोठ्या प्रमाणात त्रासदायक वायू आत गेल्याने दमा लागू शकतो. १९८५ साली अमेरिकेत डॉ. स्टुअर्ट ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. रॅड्स (रिॲक्टिव्ह एअरवेज डिसफंक्शन सिंड्रोम) असं त्याचं नाव. ओळखण्याच्या खुणा अशा की आधी छातीचा आजार नव्हता, त्रास २४ तासांच्या आत सुरू झाला आणि तीन महिन्यांहून जास्त टिकला. तुमच्या लिहिण्यात तिन्ही आहेत.

पण याला निदान समजू नका. दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्याला आपल्याकडे टीबीची थुंकी तपासणी करायचीच, एक्स-रे साफ असला तरी. ५१ व्या वर्षी रात्री दम लागत असेल तर ईसीजीही काढायचा. त्याबरोबर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकायची चाचणी. फुंकल्यावर पंप देतात, पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याकडे बोट जातं. नाही वाढली तरी दमा नाही असं म्हणता येत नाही, तेव्हा तिथे थांबू नका.

काटोलचे आठ दिवस तुमच्या लक्षात आले हे फार चांगलं झालं. मोठेपणी दमा लागलेल्या प्रत्येकाला मी दोनच प्रश्न आधी विचारतो : सुटीच्या दिवशी बरं वाटतं का, आणि गावाला गेल्यावर बरं वाटतं का? जगभरच्या अभ्यासांचा अंदाज असा की मोठेपणी लागणाऱ्या दम्यांपैकी साधारण सहांतला एक कामाशी जोडलेला असतो. ओपीडीत माणूस काय काम करतो हेच विचारलं जात नाही, म्हणून तो सापडत नाही.

एक पीक फ्लो मीटर घ्या. श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणारं प्लॅस्टिकचं साधं यंत्र असतं, मेडिकल स्टोअरमध्ये मिळतं. उभं राहून तीनदा फुंकायचं, सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. दिवसातून निदान चार वेळा, चार आठवडे. ड्युटीचे दिवस आणि सुटीचे दिवस वेगळे खुणवा. औषध सुरू झालं असेल तर तेही लिहा.

आणि हे लक्षात ठेवा : एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळे पडले, पंप घेऊनही आराम नाही, तर वाट पाहू नका, १०८ लावा.

---

सोनचाफा_नागपूर · ४ फेब्रुवारी, रात्री ९:५०

डॉक्टर, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. "खालच्या थरात" हे ऐकल्यावर ती म्हणाली, बरोबर आहे, मी उभी राह्यली तेव्हा वर कमी लागून राह्यलं होतं. मीटर आजच आणलं. पहिल्या तीन फुंका २१०, २२०, २०५. आठ तारखेला सुटी आहे, मेडिकलला जातो.

---

रंगारी_कामठीरोड · ५ फेब्रुवारी, रात्री ११:३०

ताई, माझी गोष्ट थोडी वेगळी आहे पण सांगतो, कारण मी चार वर्षं वाया घालवली.

मी गाड्यांचं पेंटिंग करत होतो. डेंटिंगवाला ठोकून देते, मग पुट्टी, मग प्रायमर, मग रंग, वरून क्लिअर कोट. आता टू-के रंग असतात, त्यात हार्डनर मिसळावा लागतो. सहा वर्षं काहीच झालं नाही. सातव्या वर्षी संध्याकाळी छाती दाटायला लागली. दिवसभर ठीक, घरी जाऊन जेवलो की खोकला, रात्री दोनला उठून बसायचं. बायको म्हणे उशिरा जेवता म्हणून होते. मीही मानलं. काम करताना त्रास होत नव्हता तर कामावर संशय कसा येईल?

दिवाळीत गावी बारा दिवस राहिलो, एकदम मोकळा. आलो, पहिल्याच दिवशी एका बंपरला रंग मारला आणि त्या रात्री ऑक्सिजन लावावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, काय काम करता. मग कळलं की हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. भोपाळला १९८४ मध्ये जो सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, याच कुळातला. आमचा पदार्थ तो नाही, पण फुप्फुसाचा वैरी तोही आणि हाही. त्याचा त्रास चार-सहा तासांनी येऊ शकते, म्हणून घरी गेल्यावर यायचा.

आणि वास तर थिनरचा येते. आम्ही समजत होतो वास गेला म्हणजे धोका गेला. आयसोसायनेट नाकाला कळायच्या आधीच त्रास देण्याइतकं हवेत असते. मी तोंडाला दुपट्टा बांधून मारायचो. दुपट्ट्याने धुळीचे मोठे कण अडतात, बाकी सगळं आत. उन्हाळ्यात तर शटर ओढून घ्यायचो, बाहेरची धूळ रंगावर बसू नये म्हणून. ४५ डिग्रीत, बंद शेडमध्ये.

आता मी रंगाला हात लावत नाही, इन्शुरन्सच्या गाड्यांचं एस्टिमेट काढतो. तरी त्याच शेडमध्ये दुसऱ्याने गन चालवली की छाती आवळते, म्हणून शेवटी दुसऱ्या जागी लागलो. पगार कमी झाला. डॉक्टर म्हणाले लक्षण दिसताच सोडलं असतं तर जास्त सुटला असता, चार वर्षं ओढलं म्हणून आता पंप कायम राहील.

---

छातीचा_डॉक्टर · ६ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

रंगारी भाऊ, तुम्ही दोघांच्या आजारातला फरकच सांगून टाकला.

तुमचा दमा ॲलर्जीसारखा आहे. शरीर महिने किंवा वर्षं त्या पदार्थाला सरावतं असं वाटतं, आणि आतून बिथरत जातं. एकदा बिथरलं की कणभरही पुरतं, म्हणून शेडच्या दुसऱ्या टोकाचा स्प्रेही लागतो. बेकरीतल्या पिठाची धूळ, सोल्डरिंगच्या राळेचा धूर, पार्लरमधली केस ब्लीच करायची पावडर, एंडोस्कोपी विभागातलं ग्लुटराल्डिहाइड हे जंतुनाशक, काही जातींच्या लाकडाचा भुसा, हे सगळे याच गटात येतात. यात कामाची जागा बदलणं हाच मुख्य उपचार.

सोनचाफाताईंच्या आईंचा, तो असेलच तर, भाजल्यासारखा आहे. तिथे पुन्हा तसा मोठा झटका बसू न देणं आणि रोजचे वास कमी करणं एवढ्यावर पुष्कळदा नोकरी टिकते. म्हणून आजच राजीनामा लिहू नका.

---

मिलवाल्याचा_मुलगा · ६ फेब्रुवारी, दुपारी १:००

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती मिल. बाबा कार्डिंगला, म्हणजे जिथे रुई पिंजून निघते आणि हवेत नुसती सरकी-कापसाची बारीक धूळ. आठवड्याची सुटी झाली की दुसऱ्या दिवशी छाती जड. मधल्या दिवसांत हलकं वाटायचं. आई म्हणायची सुटीत आराम केला की अंग जड पडतं. पुढे कळलं की याला बिसिनोसिस म्हणतात आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त त्रास ही त्याची ओळखच आहे. बाबा ६३ व्या वर्षी गेले. शेवटची पाच वर्षं पेठेतल्या जिन्याच्या चार पायऱ्या चढून थांबायचे. त्या जिन्याच्या कठड्यावर त्यांचा हात टेकून टेकून एक जागा गुळगुळीत झाली होती.

ताई, आईचा जिना तसा होऊ देऊ नका.

---

भिवापुरी · ६ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२५

आमच्याकडे मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, बाया दिवसभर बसून देठ खुडतात. माझी मोठी आई वीस वर्षं त्या कामाला गेली. हंगामात रोज खोकला, शिंका, हाताची आग. पहिले आठ दिवस जास्त, मग सवय होते म्हणतात. हाही दमाच का?

---

छातीचा_डॉक्टर · ६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

नेहमी नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन खोकल्याच्या मज्जातंतूंना थेट चेतवतं, त्यामुळे ठसका येतो पण नळ्या आवळल्या असतीलच असं नाही. हंगाम संपल्यावरही दम लागत असेल, रात्री शिट्टी वाजत असेल, जिना चढताना थांबावं लागत असेल, तर स्पायरोमेट्री करा. सवय झाली म्हणजे नुकसान थांबलं, असं मात्र समजू नका.

---

बुटीबोरी_सेफ्टी · ७ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मी एमआयडीसीत सेफ्टी पाहतो. मास्कबद्दल लिहितो, कारण इथे लोक सगळ्यांत जास्त फसतात.

एन-९५ मास्क कण अडवतो. क्लोरीन, ॲसिडची वाफ, थिनरची वाफ हे वायू आहेत, ते त्यातून सरळ आत जातात. वायूसाठी कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लागतो, त्यातही सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज वेगळं आणि ॲसिड गॅसचं वेगळं. कार्ट्रिज संपतं, ते बदलावं लागतं. दाढी असली किंवा पट्टा सैल असला तर कडेने हवा शिरते. आयसोसायनेटचा स्प्रे असेल तर बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्कच योग्य. मुळात मास्क हा शेवटचा उपाय. आधी पदार्थ बदला, मग हवा खेचून घ्या, मग वेळ कमी करा, आणि इतकं करून उरलं तर मास्क.

आईंच्या बाबतीत तर मास्कचा प्रश्न यायलाच नको होता. ॲसिड आणि ब्लीच एका खोलीत, एका बादलीत, एका फरशीवर कधीच नाही. ब्लीच आणि अमोनियावालं क्लीनर हेही नाही, त्यातून क्लोरामाइन नावाचे त्रासदायक वायू सुटतात. हे घरच्या बाथरूमलाही लागू आहे. डाग काढायचे तर डिटर्जंट आणि ब्रश, निर्जंतुकीकरणाला पातळ केलेलं हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) वेगळं, आणि दोन्हींच्या मध्ये भरपूर पाणी. कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड भरणं तर ताबडतोब बंद करायला लावा. ते कुणी पिऊही शकतं.

गॅस झालाच तर फरशी धुवायला थांबायचं नाही. श्वास रोखून, उभं राहून बाहेर, दार उघडं, बाकीच्यांना ओरडून सांगायचं. डोळे पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने. पहिल्या तासात बरं वाटलं तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं, म्हणून दवाखान्यात निरीक्षणाखाली राहायचं.

---

पगारपत्रक · ८ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

मी पीएफ आणि ईएसआयसीची (कामगारांच्या सरकारी विम्याची) कामं करतो. ताई, आईच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची कपात दिसते का पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले त्यात येतात. कामगाराचे ०.७५ टक्के कापतात, मालकाने ३.२५ टक्के भरायचे असतात. कपात होत असेल तर विमा क्रमांक असलाच पाहिजे. कंत्राटदाराने दिला नसेल तर मागा, तो आईचा आहे. कंत्राटदार टाळत असेल तर ज्यांच्या जागेत काम चालतं त्या मुख्य मालकावरही जबाबदारी येते.

कामावर असताना झालेला अपघात म्हणून याची नोंद व्हायला हवी. अपघात पुस्तकात लिहायला लावा. उशीर झाला असला तरी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तारीख, वेळ, जागा, कोण सोबत होतं ते सगळं लिहा. अपघात मान्य झाला तर डॉक्टरांनी काम बंद सांगितलेल्या काळात साधारण ९० टक्के पगाराइतका भत्ता मिळतो. साध्या आजारपणाचा दर ७० टक्के, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

रंगारी भाऊंसाठी : कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आयसोसायनेटची विषबाधा आणि बिसिनोसिस दोन्ही होते, आणि असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकांना कळवायचं असतं. २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. दवाखाना मात्र कारखान्यात मोडत नाही, तेव्हा ताईंनी कंत्राटी कामाच्या तक्रारीसाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयाचा रस्ता धरावा.

---

सोनचाफा_नागपूर · ११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आठ तारखेला गेलो होतो. सकाळी सातला ओळीत, दोनला बाहेर. थुंकी तपासली, टीबी नाही. ईसीजी ठीक. स्पायरोमेट्रीत पंप दिल्यावर १९ टक्के आणि ३१० मिलिलिटर वाढ. डॉक्टरबाईंनी सरळ विचारलं, "काम काय करता?" आई आधी माझ्याकडे पाहायला लागली. साडेतीन महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मग तिने सगळं सांगितलं. कागदावर दमा आणि पुढे क्लोरीनचा संबंध असं लिहून दिलं आहे. त्या कागदाच्या मी चार झेरॉक्स काढल्या.

पंप सुरू झाला, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून सकाळ-संध्याकाळ. घेतल्यावर चूळ भरायची. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "मले आता लोक दम्याची म्हणतीन." दुसऱ्या रात्री ती पहाटे साडेपाचपर्यंत झोपली. मी मात्र तीनला उठले, सवयीने, आणि शिट्टी ऐकू येते का म्हणून दाराशी उभी राहिले.

विमा क्रमांक होता. नऊ वर्षं कपात होत होती आणि आम्हाला क्रमांक माहीत नव्हता.

---

लिनन_ते_लॉबी · १२ फेब्रुवारी, दुपारी ४:४०

मी एका वेगळ्या ठिकाणी हाऊसकीपिंगचा सुपरवायझर आहे. हा धागा दोनदा वाचला. "डाग निघत नसेल तर वरून पावडर टाका" हे मी स्वतः म्हटलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. मला कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या वरच्यालाही नाही. आज स्टोअरमधलं खुलं ॲसिड परत पाठवलं. ज्या सात बाटल्यांवर नाव नव्हतं त्या बाजूला काढल्या. उद्या सकाळच्या हजेरीला सगळ्या बायांना एकत्र बसवून हे सांगणार आहे. ताई, तुमच्या आईंची मी माफी मागतो, त्या माझ्याकडे कामाला नव्हत्या तरी.

---

सोनचाफा_नागपूर · १३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

दादा, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, त्यायले सांग, बायांना समजावून सांगितलं तर ऐकतात.

---

गोरेवाडा_सकाळ · १३ फेब्रुवारी, सकाळी ९:००

ताई, पंपाबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं. काकांचाही विषय काल डॉक्टरांकडे काढला, त्यांनाही दमाच निघाला. माझी ती पोस्ट कुणी वाचून पंप बंद करू नये म्हणून हे लिहितोय.

---

सोनचाफा_नागपूर · १५ मार्च, रात्री ९:१५

बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहिते.

चार आठवड्यांची वही पूर्ण झाली. भावाने आलेख काढला. औषध सुरू होण्याआधी ड्युटीचे दिवस १९० ते २२०, सुटीच्या दिवशी २५० च्या आसपास. पंप सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून घरी २९० ते ३१०. फक्त तीन दिवस आकडा खाली आला आहे, आणि तिन्ही दिवशी आईने फिनाईलने लॉबी पुसली होती. हे ती सांगत होतीच, पण वहीत दिसलं तेव्हा कंत्राटदाराला नाही म्हणता आलं नाही.

अपघाताचा लेखी अर्ज दिला. आधी पोच द्यायला तयार नव्हते, मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले, तासाभराने शिक्का मिळाला. पुढचं चालू आहे. "काढून टाकू" असं एकदा म्हणून झालं. आईसोबतच्या चार बाया तेव्हा दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांतल्या दोघींना तोच खोकला आहे. त्यांना मी पुढच्या आठवड्यात मेडिकलला घेऊन जाणार आहे.

त्या बाथरूमच्या खिडकीचा पत्रा काढून जाळी लावली. पंखाही सुरू झाला.

आईला साफसफाईतून काढून वॉर्डातले रक्ताचे नमुने लॅबपर्यंत पोहोचवायचं काम दिलं आहे. चालणं बरंच आहे, पण लिफ्ट वापरू देतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन महिन्यांनी परत फुंकून पाहू, मग औषध कमी करता येतं का ठरवू. पूर्ण बरं होईल का, हे त्या आत्ता सांगत नाहीत.

आज गुरुवारच्या पूजेसाठी सामान काढताना आईने अगरबत्तीचा पुडा शेजारच्या काकूंना देऊन टाकला. देवापुढे आता तुपाचं निरांजन लावते. मीटर तिच्या डब्याच्या पिशवीत असतं, रुमालात गुंडाळलेलं. आज सकाळचा आकडा ३०५.